लहान गावात चेनचं कॉफी शॉप आलं तर नेमकं काय होतं?

पाटीपेन्सिल

इंग्लंडच्या डेव्हन भागात टॉटनेस नावाचं आठेक हजार वस्तीचं गाव आहे. २०१२ साली कोस्टा कॉफी या ठिकठिकाणी शाखा असलेल्या मोठ्या चेनने तिथे शाखा काढायचं ठरवलं आणि स्थानिक प्रशासनाची परवानगीही मिळवली. गावात कॉफी मिळण्याची चाळीसएक ठिकाणं आधीपासून होती. लोक भडकले. पाच हजारांहून जास्त सह्यांचं निवेदन गेलं, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीने बेत सोडून दिला.

एवढ्याशा गावाने एवढ्या मोठ्या कंपनीला परत पाठवलं, हे मला फार मोलाचं वाटतं. माझं मत सरळ आहे. लहान गावाचा मुख्य रस्ता म्हणजे त्या गावाची ओळख असते. तिथे एक चेन आली की दुसरी येते, आणि दहा वर्षांनी तो रस्ता कुठल्याही गावाचा म्हणून खपेल असा होतो.

पण माझ्या मताला जगात आधार किती आहे, ते मला इथे पारखून घ्यायचंय. चेन आल्यावर आधीची दुकानं खरंच बंद पडतात का? पडत असतील तर कशामुळे? आणि गावाच्या हातात काय असतं? अनुभव असेल त्यांनी जरूर लिहा. कॉफीच्या चवीवरून भांडण नको, ते वेगळ्या धाग्यावर करू.

वाटसरू

चवीवरून भांडायचं नाही म्हणजे अर्धे सभासद आत्ताच परत गेले असणार :)

कडूगोड

मी विरुद्ध बाजूने लिहिते.

गावातल्या जुन्या दुकानाचं कौतुक करणारे बहुतेक जण त्या गावात मोकळेपणाने कुठेही बसू शकणारे असतात. विशीतल्या मुलीच्या जागी उभं राहून बघा. दुकानदार वडिलांना ओळखतो, शेजारच्या टेबलावर मामांचे मित्र बसलेले, आणि आपण कोणाबरोबर बसलो होतो ही बातमी आपल्या आधी घरी पोचलेली. चेनच्या दुकानात काउंटरमागचा मुलगा कुणाचा कोण, आपल्याला माहीत नसतं आणि त्यालाही आपलं काही पडलेलं नसतं. ऑर्डर द्या, बसा, पुस्तक वाचा, उठा. लहान गावात असं कुणाच्या नजरेत न येता बसायला मिळणं ही चैन नाही, गरज आहे.

टॉटनेसच्या त्या सह्यांमध्ये गावातल्या पोरापोरींच्या किती असतील, हे मला खरंच जाणून घ्यायला आवडेल.

रानवाट

कडूगोड, मुद्दा पटला. पण त्याच्या पुढचं म्हणतो.

रे ओल्डनबर्ग नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये 'तिसरी जागा' ही कल्पना मांडली. घर पहिली, काम दुसरी, आणि या दोन्हींच्या बाहेर माणसं सहज येऊन टेकतात ती तिसरी. त्याच्या मते अशा जागेचा जीव म्हणजे तिथे रोज येणारी माणसं. ओळखीपाळखी, गप्पा, थट्टा. तुम्हाला जे टाळायचंय नेमकं तेच. स्टारबक्सने पुढे ही कल्पना उचलली आणि आपल्या दुकानांना तिसरी जागा म्हणायला सुरुवात केली. पण तिथे ओळख ठेवणारं कुणी नसेल, तर ती फक्त बसायची जागा झाली. तीही हवीच. पण तिच्यामुळे ओळखीची जागा बंद पडत असेल तर गावाने काय कमावलं आणि काय गमावलं, ते मोजायला हवं.

कडूगोड

ओळखीची जागा ज्यांच्या ओळखीची, त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी कुठे जायचं, एवढंच विचारतेय.

हिशेबनीस

पैशाकडून बघू. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात सिव्हिक इकॉनॉमिक्स या संस्थेने एक अभ्यास केला होता. स्थानिक दुकानात १०० डॉलर खर्च झाले की त्यातून साधारण ४५ डॉलरचा परिणाम शहरात राहतो, आणि चेनमध्ये खर्च झाले तर १३ डॉलरचा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

फरक कुठून येतो ते समजून घेण्यासारखं आहे. पगार दोघंही गावातच देतात. पण स्वतंत्र दुकानाचा हिशेब लिहिणारा गावातला, पाटी रंगवणारा गावातला, फर्निचर करणारा सुतार गावातला, आणि नफा खर्च करणारा मालकही गावातला. चेनचं फर्निचर ट्रकमधून येतं, हिशेब मुख्यालयात होतो, जाहिरात तिसऱ्याच शहरात बनते. फ्रँचायझी असेल तर विक्रीतला ठरावीक टक्का रॉयल्टी म्हणून वर जातो, दुकान तोट्यात असलं तरी.

चकवा

हिशेबनीस, तो अभ्यास पुस्तकांच्या दुकानांचा होता, कॉफीचा नव्हे. एका बाजूला बॉर्डर्स ही चेन होती. शिवाय ऑस्टिन हे लहान गाव नाही.

कॉफीत तर बिया दोघांकडेही हजारो मैलांवरून येणार. गावातलं असेल ते दूध.

हिशेबनीस

बरोबर, पुस्तकांचाच होता. आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण पैसा कुठल्या वाटेने बाहेर जातो ती वाट दोन्हीकडे तीच आहे. आणि दुधाचं म्हणाल तर कॉफी शॉपच्या कच्च्या मालात तोही एक मोठा खर्च. चेन ते एका मोठ्या पुरवठादाराकडून सगळ्या शाखांसाठी घेते.

अडगळ

चेन आली की गावठी दुकान मरतं हे गृहीत धरू नका. ऑस्ट्रेलिया बघा. स्टारबक्स तिथे २००० मध्ये गेली, भराभर ८४ दुकानं काढली आणि २००८ मध्ये त्यातली ६१ एका झटक्यात बंद केली. कारण दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे गेलेल्या इटालियन आणि ग्रीक लोकांनी एस्प्रेसोची सवय पिढ्यान्‌पिढ्या लावून ठेवली होती. गल्लीतल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाचं नाव आणि त्याची कॉफी दोन्ही पाठ. तिथे बाहेरून आलेल्याला नवीन असं द्यायला काही नव्हतं.

म्हणजे चेनला हरवायला सह्याच लागतात असं नाही. आधीपासून रुजलेली सवय पुरते.

पाटीपेन्सिल

अडगळ, हे फार कामाचं उदाहरण. पण ऑस्ट्रेलियातली ती दुकानं मुख्यतः मोठ्या शहरांत होती ना? लहान गावात दुकानदाराकडे तेवढा काळ टिकायला भांडवल असतं का?

गवती_चहा

मी एका चेनमध्ये काउंटरमागे काम केलंय, तर आतलं सांगतो. नाव लिहीत नाही.

एस्प्रेसोचं साधारण गणित असं. अठरा ग्रॅम पूड, नऊ बार दाब, पंचवीस ते तीस सेकंद, आणि कपात छत्तीसएक ग्रॅम कॉफी. आता पूड किती बारीक दळायची हे रोज बदलतं. हवा बदललेली असेल, बियांची पिशवी नवी असेल, तर कालच्या दळणावर आज कॉफी अठरा सेकंदांत खाली येते आणि आंबट लागते. छोट्या दुकानातला चांगला माणूस सकाळी दुकान उघडण्याआधी दोन-तीन कप ओतून देतो आणि दळण जुळवतो. आमच्याकडे मशीनच दळायचं, मशीनच दाबायचं, आपण बटण दाबायचं. दुधाची वाफ साठ-पासष्ट अंशांवर आपोआप थांबायची. त्यामुळे कॉफी कधी फार वाईट झाली नाही, आणि कधी थक्क करणारीही झाली नाही.

याचा त्रास खुद्द कंपन्यांनाही होतो. स्टारबक्सच्या हॉवर्ड शुल्ट्झने २००७ च्या फेब्रुवारीत आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलं होतं की नव्या उंच मशीनमुळे गिऱ्हाइकाला कॉफी बनताना दिसत नाही आणि सीलबंद पिशव्यांमुळे दुकानातला वास गेला. पुढच्या वर्षी तो पुन्हा प्रमुख झाला, आणि २६ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेतली ७,१०० दुकानं एका संध्याकाळी बंद ठेवून सगळ्यांना एस्प्रेसो करायला नव्याने शिकवलं. एवढी दुकानं झाली की माणसाचा हात सुटतो, तो परत आणायला असा खटाटोप करावा लागतो.

पण नोकरी म्हणून सांगतो, मला तिथे वेळेवर पगार होता, लेखी ड्यूटी होती आणि कुणी मालकाच्या घरची कामं सांगितली नाहीत. त्याआधीच्या छोट्या दुकानात यातलं काहीच नव्हतं. स्टारबक्सने अमेरिकेत १९८८ पासून अर्धवेळ कामगारांनाही आरोग्य विमा दिला, हे त्या धंद्यात मोठंच पाऊल होतं. 'स्थानिक' म्हटल्यावर मालक भलाच असेल असं समजू नका.

वाटसरू

गवती_चहा नावाच्या माणसाने एस्प्रेसोवर एवढं लिहावं, हाच या धाग्याचा कळस.

रानवाट

गवती_चहा, उत्तम प्रतिसाद. फक्त एक जोडतो. स्टारबक्सच्याच अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या कामगारांनी डिसेंबर २०२१ मध्ये संघटना केली, आणि पुढे अशी पाचशेहून जास्त दुकानं झाली. तक्रारी पगाराच्या होत्या, आणि ड्यूटीचे तास कधी वाढतील, कधी कापले जातील याचा भरवसा नाही अशाही होत्या. म्हणजे लेखी ड्यूटी असली तरी ती ठरवणारा दूर बसलेला असतो.

मोरपंखी

माझं स्वतःचं छोटं कॉफीचं दुकान आहे आणि चेन शेजारच्याच चौकात आली. धाग्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला जगून माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

उद्घाटनाला गर्दी झाली, माझं दुकान ओस पडलं. ते अपेक्षितच होतं. काही आठवड्यांत माणसं परतू लागली, पण सगळी नाही. घाईत कॉफी घेऊन जाणारी, म्हणजे सकाळी ऑफिसला जाताना कप उचलणारी, ती गेली ती गेलीच. चेनचं ॲप होतं, आधी ऑर्डर देऊन ठेवता येत होती, आणि दुकान माझ्यापेक्षा लवकर उघडत होतं. माझ्याकडे उरली बसणारी माणसं. पत्ते खेळणारे निवृत्त लोक, लहान मुलं घेऊन येणाऱ्या आया, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं. मला ती सगळी प्रिय आहेत. पण एका कपावर तीन तास बसणाऱ्या गिऱ्हाइकावर दुकान चालत नाही. ते चालायचं सकाळच्या घाईवर. घाईवाले बसणाऱ्यांचा खर्च भरत होते, हे मला घाईवाले गेल्यावर गल्ल्यात दिसलं.

तरी मी तगले. सकाळी लवकर उघडायला लागले, दाराजवळ नुसती उचलून न्यायची वेगळी खिडकी केली, स्वतः भाजलेल्या बिया पाकिटातून विकायला लागले.

खरा घाव नंतर बसला, तोही कॉफीचा नव्हे. भाडेकरार संपला तेव्हा घरमालकाने चेनच्या भाड्याकडे बोट दाखवलं. कंपनी दहा-पंधरा वर्षांच्या करारावर सही करते, मुख्यालय हमी देतं, आणि असा करार दाखवला की मालकाला बँकही हसत कर्ज देते. माझ्यासारखीची सही त्या तोलाची नाही. रस्त्यावरची चपलांची, भांड्यांची, शिवणकामाची दुकानं कॉफी विकत नव्हती. त्यांचीही भाडी वाढली आणि त्यातली काही उठून गेली.

पाटीपेन्सिल, 'कशामुळे' असं तुम्ही विचारलंत ना, तर माझं उत्तर भाडं असं आहे. कपाशी कपाची लढाई मी लढू शकते. भाड्याशी नाही.

पाटीपेन्सिल

मोरपंखी, मनापासून आभार. मी रस्त्याच्या ओळखीबद्दल लिहिलं होतं. तुम्ही त्याखालचा पाया दाखवलात. यावर विचार करून परत येतो.

कडूगोड

मोरपंखी, तुमच्या दुकानात अभ्यासाला बसणाऱ्या मुली आहेत हे वाचून बरं वाटलं. असं दुकान असेल तर मला चेनची गरज नाही. प्रश्न मालक कसा आहे याचा आहे.

सावळागोंधळ

चेन म्हणजे गावाबाहेरची, परकी, असंच सगळे धरून चाललेत. कॅनडात टिम हॉर्टन्स बघा. १९६४ मध्ये ओंटारिओतल्या हॅमिल्टन शहरात एका आइस हॉकी खेळाडूने सुरू केलेली चेन. आज तिथल्या कित्येक छोट्या गावांत सकाळी म्हातारी मंडळी जमतात ती तिथेच. वर्षाचे कित्येक महिने बर्फ असताना उबदार, पहाटेपासून उघडी, स्वस्तातली जागा दुसरी नसते. दुकानं बहुतेक फ्रँचायझीवर, त्यामुळे चालवणारा अनेकदा आसपासचाच. लहान मुलांच्या खेळांच्या संघांना कंपनी मदत करते.

ओल्डनबर्गची तिसरी जागा चेनमध्येही होते की. रोज येणाऱ्या माणसांनी ती केली.

रानवाट

मान्य. मात्र एक अट घाला, बसू दिलं पाहिजे. हल्ली चेनचा सगळा रोख बसवण्यावर नाही. चीनमध्ये लकिन कॉफी २०१७ साली निघाली आणि २०२३ पर्यंत दुकानांच्या संख्येत तिथल्या स्टारबक्सच्या पुढे गेली. त्यातली बहुसंख्य दुकानं म्हणजे एक काउंटर. फोनवर ऑर्डर द्या, उचला, चालू लागा. अमेरिकेत ड्राइव्ह-थ्रूचा, म्हणजे गाडीत बसूनच खिडकीतून घेण्याचा, जोर आहे. लहान गावात चेन आली आणि ती बायपासवर गाडीतूनच कॉफी देणारी असली, तर मुख्य रस्त्यावरची घाई तेवढी उचलून नेईल आणि बसायला बाकडंही देणार नाही. मोरपंखींनी सांगितलेल्या गणिताचा हा सगळ्यात वाईट प्रकार.

चकवा

अवांतर आहे पण लिहितोच. कागदी कपांचं कुणी बोललं नाही. कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो साध्या कागदाबरोबर रद्दीत जात नाही. ब्रिटनच्या संसदीय समितीने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं होतं की तिथे वर्षाला अडीच अब्ज कप फेकले जातात आणि पुनर्वापराला जातात ते एक टक्क्याहून कमी. मोठ्या शहराच्या कचऱ्यात हे दिसत नाही. लहान गावात बसथांब्याच्या मागे चार दिवसांत दिसतं, आणि उचलायचं काम गावाच्याच सफाई कामगारांवर येतं.

मोरपंखी

माझ्याकडचेही कप तसेच होते. आता स्वतःचा कप आणणाऱ्याला थोडी सूट देते. आणणारे वाढतायत, पण हळूहळू.

अडगळ

अवांतरात अवांतर: स्वच्छतागृह! लहान गावात, विशेषतः बाजाराच्या रस्त्यावर, बाईमाणसाला वापरता येईल असं स्वच्छतागृह हा चेनचा सगळ्यात मोठा उपकार असतो, कॉफीपेक्षाही.

कडूगोड

अडगळ, शंभर टक्के! पण त्यावरही विसंबू नये. फिलाडेल्फियात एप्रिल २०१८ मध्ये काही न घेता कामाच्या भेटीसाठी वाट बघत बसलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांना स्टारबक्समध्ये अटक झाली. त्यावरून गदारोळ उठला, मग कंपनीने काही विकत न घेणाऱ्यालाही बसायला आणि स्वच्छतागृह वापरायला मुभा दिली. जानेवारी २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेत ती मुभा काढून घेतली. म्हणजे कंपनीच्या मर्जीने मिळालेली सोय कंपनीच्या मर्जीने जाते. स्वच्छतागृह नगरपालिकेनेच बांधायला हवं.

पाटीपेन्सिल

सगळं दोनदा वाचलं. मला आता प्रश्न असा मांडावासा वाटतो. चेन यावी की नाही, यापेक्षा ती कुठे येते (मुख्य रस्ता की बायपास), बसू देते का, आणि तिच्यामुळे बाकीच्यांचं भाडं कुठे जातं. पहिल्या दोन गोष्टी गावाला परवानगीच्या वेळी विचारता येतील. भाड्याचं काय करता येतं? कुणाला कायद्यातलं माहीत आहे का?

हिशेबनीस

भाड्यावर थेट ताबा कमी ठिकाणी आहे. चेनच्या येण्यावर अटी घालणारी ठिकाणं आहेत. सॅन फ्रान्सिस्कोने २००४ मध्ये नियम केला. ज्यांची ठरावीक संख्येहून जास्त दुकानं सारख्याच पाटीची, सारख्याच सजावटीची आहेत, त्यांना अनेक भागांत खास परवानगी घ्यावी लागते आणि शेजाऱ्यांचं म्हणणं ऐकलं जातं. कॅलिफोर्नियातल्याच कार्मेल या छोट्या गावाने तर एका साच्याच्या उपाहारगृहांना बंदीच घातली आहे.

उलट बाजू इंग्लंडची. पूर्वी दुकानाच्या जागेत कॅफे काढायला वापरबदलाची परवानगी लागायची. टॉटनेसच्या लोकांना तिथेच अडवायची संधी मिळाली होती. १ सप्टेंबर २०२० पासून तिथे दुकान, कॅफे, ऑफिस असे बरेच वापर एकाच वर्गात टाकले. आज तेच गाव तेवढ्या कारणावरून अडवू शकणार नाही. म्हणून ज्या गावाला काही ठरवायचंय त्याने आपल्याकडचा नियम आधी वाचावा, सह्या नंतर गोळा कराव्यात.

चकवा

आणि अडवायच्या आधी हेही बघा. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांचा २०२४ चा अभ्यास आहे. ज्या अमेरिकन वस्त्यांत आधी कॉफी शॉप नव्हतं तिथे स्टारबक्स आल्यावर पुढच्या वर्षांत नवे उद्योग जास्त निघाले. तुलना केली ती जिथे दुकान काढायचं ठरलं होतं पण निघालं नाही अशा वस्त्यांशी. माणसांना भेटायला जागा मिळाली, हे त्यांचं स्पष्टीकरण. तेव्हा ज्या गावात बसायला एकही जागा नाही तिथे चेनचं स्वागत करा, आणि जिथे चाळीस आहेत तिथे टॉटनेससारखं भांडा. दोन्हींना एकच नियम लावू नका.

सावळागोंधळ

चकवा +१. दोन टोकं एका ओळीत बसवलीत.

मोरपंखी

भाड्यावर एक काम मात्र प्रत्येक छोटा दुकानदार आजच करू शकतो. चेन यायच्या आधी आपला करार लांब मुदतीचा करून घ्या, आणि वाढ किती टक्के हे त्यातच लिहून घ्या. तोंडी भरवशावर राहू नका, मालक कितीही जवळचा असला तरी.

दुसरं, मोठ्या चेन कधीकधी इमारतीच्या मालकाकडून लिहून घेतात की त्याच इमारतीत दुसऱ्या कुणाला कॉफी विकायला जागा देणार नाही. तुमचं दुकान त्याच मालकाच्या जागेत असेल तर कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी तुम्हालाच बाहेर काढायला हे कलम वापरलं जाऊ शकतं. गावात कुठल्या गाळ्याची बोलणी चालू आहेत हे कळलं की मालकाकडे जाऊन विचारा, असं कलम आहे का. सही व्हायच्या आधी तो ऐकतो, नंतर वकील बोलतो.

पाटीपेन्सिल

मोरपंखी, हे पहिल्या पोस्टमध्ये वर जोडू का? म्हणजे नव्याने येणाऱ्याला खाली शोधत बसावं लागणार नाही.

मोरपंखी

जोडा की. फक्त 'वकिलाला दाखवून मगच सही करा' हेही लिहा.